यकृताचा उजवा कोपरा

वृंदा आरोलकर पूर्ण बऱ्या झाल्या. मिरजेच्या ऊतिदुरुस्ती केंद्राच्या दप्तरात तसं स्वच्छ नोंदलेलं आहे. ते घडलंच नाही असं धरून पुढे जाऊ, कारण डॉ. तोरण्यांनी तो अहवाल सकाळी नऊलाच भरून ठेवला होता. पूर्ववतक यंत्र आजवर कधी हुकलं नव्हतं, मग वाट कशाला बघायची.

यंत्राचं तत्त्व सोपं होतं. ते रुग्णाच्या एका पेशीवरून अख्ख्या शरीराचा मूळनकाशा बनवी आणि नकाशाशी न जुळणारी प्रत्येक पेशी काढून जुळणारी बसवी. दहा वाजता ते वृंदाताईंच्या यकृतापाशी अडलं. पडद्यावर अक्षरं आली : परकी वसाहत.

"गाठ आहे," तोरणे म्हणाले.

डॉ. शहनाज मुलाणी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या तपासायच्या काळातल्या. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी केंद्रातला चहा बरा म्हणून रोज येत. "तुझं यंत्र फरक दिसला की रोग म्हणतं. गरोदरपणी गर्भाशय केवढं वाढतं, त्याला गाठ म्हणशील? बदल कशासाठी झाला, ते आधी विचारावं."

"यंत्रात ती सोय नाही, मॅडम."

मुलाणीबाईंनी पडदा आपल्याकडे वळवला. "या पेशी पुरुषाच्या आहेत. अर्धे गुण हिचे, अर्धे दुसऱ्याचे. ताई, तुम्हाला मुलगा?"

"होता," खाटेवरून वृंदाताई म्हणाल्या. "हृषिकेश. एकुलता. एकोणिसाव्या वर्षी तापाने गेला. चौतीस वर्षं झाली."

"बाळ पोटात असताना त्याच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. काही तिथेच राहतात. तुमचं यकृत बिघडलं, तसा उजवा कोपरा त्यांनी चालवायला घेतलाय. धड आहे तो तेवढाच."

वृंदाताई पडद्याकडे वळल्या.

"कधी जेवलेलं ताट उचललं नाही त्याने. कॉलेजातून मिस्ड कॉल द्यायचा. एक म्हणजे निघालो, दोन म्हणजे भाकरी टाक. मी तव्यापाशी दुसऱ्याची वाट बघत बसायची. आणि आता यकृत चालवतोय?"

"यंत्र तो भाग काढून तुमचाच बसवेल," तोरणे म्हणाले. "वीस वर्षं सहज जगाल. नाहीतर चार."

"तो कोपरा सोडून बाकीचं करा."

"अर्धी दुरुस्ती त्याला येत नाही. एक फरक उरला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं."

"मग चार पुरे."

"आजी, अहवाल गेलाय माझा."

"दुसऱ्या व्यक्तीचं जिवंत ऊतक काढायला त्या व्यक्तीची सही लागते," मुलाणीबाई चहा ढवळत म्हणाल्या. "नियम तूच भिंतीवर लावलायस."

तोरण्यांनी संमतिपत्र उघडलं. पहिलाच प्रश्न : सदर व्यक्ती हयात आहे काय? त्यांनी 'नाही' दाबलं. यंत्राने कोपरा तपासला, तीन कोटी जिवंत पेशी मोजल्या, उत्तर खोडून 'होय' केलं आणि सहीची वाट बघू लागलं. सही येईना, तेव्हा ते बंद पडलं. बंद पडण्यापूर्वी त्याने हृषिकेश आरोलकर यांचा हयातीचा दाखला तेवढा छापून दिला.

तो जोडून वृंदाताईंनी त्याच आठवड्यात अर्ज केला :

प्रति, मा. पुरवठा अधिकारी.
विषय : शिधापत्रिकेत नाव पुन्हा समाविष्ट करणेबाबत.

महोदय, माझा मुलगा हृषिकेश, वय त्रेपन्न, सध्या माझ्याकडेच राहतो. त्याचे नाव चौतीस वर्षांपूर्वी कमी करण्यात आले होते, ते पूर्ववत लावावे. त्याच्या वाट्याचे धान्य नको. तो माझ्यातच जेवतो.