वार, वेळ, जागा

‘जिन्याने चला’ असा कागद तिनेच लिफ्टमध्ये चिकटवला होता, आणि त्याच लिफ्टमध्ये ती रंगेहाथ सापडली. दार मिटता मिटता एक उंच तरुण आत शिरला. त्याने कागद निवांत वाचला, मग तिच्या गळ्यातलं ‘चालणं-सल्लागार’ हे ओळखपत्र वाचलं. ओठ दाबून तो छताकडे बघत राहिला, आणि ती कानापर्यंत लाल झाली.

दहा मिनिटांनी तोच तिच्या टेबलासमोर बसला होता. व्यवसायाने घड्याळजी. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मान मोडून बसायचं. साखर काठावर आलेली, म्हणून थोरल्या बहिणीने धरूनबांधून त्याला दवाखान्याच्या या योजनेत घातलं होतं.

तिने त्याच्या मनगटाला पावलं मोजायचा पट्टा बांधला. माणूस आळशी नसतो, त्याचं मन पळवाटा काढत असतं, असं तिचं म्हणणं. म्हणून तिच्या सगळ्या युक्त्या मनासाठी होत्या. ध्येय छोटं ठेवायचं. चहाचा कप खाली ठेवला की लगेच पायात बूट. आणि ‘बघू’, ‘कधीतरी’ हे शब्द पूर्ण बंद.

“वार, वेळ, जागा सांगायची. तेवढं ठरलं की मनाला पळता येत नाही.”

“आणि सोबतीला कुणी नसेल तर?”

“मी येईन. दर गुरुवारी, सहा वाजता, नदीवरच्या पुलापाशी.”

नियम सरळ होता. सलग दोन आठवडे रोज सहा हजार पावलं झाली की सोबत थांबवायची आणि फाइल बंद. आठ आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, तर फाइल दुसऱ्या सल्लागाराकडे.

गुरुवार येत राहिले. गाड्यांच्या बाजूने तो चालायचा, न सांगता. पुलाजवळच्या मनोऱ्यावरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, म्हणून दर वेळी तो त्या घड्याळावर रागवायचा आणि तिला हसू आवरायचं नाही. पट्ट्यावरचा आकडा मात्र, गुरुवार सोडला तर, आठशे-नऊशेच्या पुढे सरकत नव्हता. तिला वाईट वाटायला हवं होतं. पण आकडा कमी दिसला की आधी हायसंच वाटायचं — म्हणजे पुढचा गुरुवार आहे. मग स्वतःचीच लाज वाटायची. त्याच्या तब्येतीच्या जिवावर आपण आनंदात राहतोय, हे तिला पक्कं कळत होतं.

आठव्या गुरुवारी पुलापलीकडचा चढ चढताना तिने मन घट्ट केलं. पुढच्या आठवड्यापासून दुसरे सर येतील, माझ्याकडून हे जमलं नाही, असं सांगून टाकलं. त्यावर तो जो बोलत सुटला... असं कसं, नियम कुणी केले, दुसरे सर मला नकोत. चढ संपेपर्यंत त्याचं तोंड थांबलं नाही.

ती मात्र थांबली. तिला बोलायलाही दम नव्हता.

“तुम्हाला... धाप लागली नाही.”

तो जागीच थांबला. मग त्याने खिशातून साखळीच्या घड्याळासारखं एक जुनं यंत्र काढलं. पावलं मोजणारं, त्याने स्वतः दुरुस्त केलेलं. काटा सात हजारांवर होता.

“दीड महिना झाला. रोजच,” तो खाली बघत म्हणाला. “चालायला निघताना पट्टा दुकानातल्या ड्रॉवरमध्ये काढून ठेवतो. सहा हजार दाखवले असते तर तुम्ही यायचं थांबवलं असतं.”

“आणि एवढं चालता कुठे?”

“इथेच. तुम्हाला काय सांगायचं, त्याची तालीम करत. गुरुवारी नेमकं... राहून जातं.”

तिला राग यायला हवा होता. यायला लागलाही. पण आपणही तो कमी आकडा बघून सुखावत होतो, हे आठवलं आणि डोळेच भरून आले. तिने पिशवीतून फाइल काढली, रस्त्याकडेच्या कठड्यावर ठेवली, त्याच्या यंत्राचा आकडा नीट उतरवला आणि खाली लिहिलं : ‘ध्येय पूर्ण. फाइल बंद.’

त्याचा चेहरा उतरला.

“म्हणजे संपलं,” तो म्हणाला. “बरं... कधीतरी भेटू.”

तिने फाइल पिशवीत टाकली आणि पहिल्यांदाच त्याचा हात धरला.

“कधीतरी नाही,” ती म्हणाली. “वार, वेळ, जागा सांग.”