शेवग्याची शेंग आणि मिटलेला डोळा

संत तुकाराम नगरच्या मंडईत एका मुलानं शेवग्याची शेंग उचलली, डावा डोळा मिटला आणि शेंग गालाशी धरून तिच्या पार टोकापर्यंत नजर नेली. माझ्या हातातली कोथिंबिरीची जुडी खाली पडली.

यात धक्का बसण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. म्हणजे तुम्ही इलेक्ट्रिक गिटार वाजवत नाही. वाजवणाऱ्याच्या हातात गिटार आली, की तो आधी एक डोळा मिटून तिची मान वाकलीय का ते बघतो. आपण बघतोय हे त्याला कळतही नाही. पण शेंगेची मान?

"ओ भाऊ," भाजीवाल्या चतुराबाई म्हणाल्या, "शेंग हाय ती, बंदूक न्हाई."

तो दचकला. "नाही, ते... सरळ आहे का बघायलो होतो."

"आमटीत टाकायचीय का शाळंत घालायचीय?"

ताडपत्रीवर भुरभुर पाऊस वाजत होता. तो ओशाळून हसला, खिशातून दहाचं नाणं काढलं आणि दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून ते ओठांत धरलं. अगदी कडेला, गिटारच्या तारा छेडायची पत्ती धरतात तसं! मग पिशवी खांद्याला अडकवली आणि तिचा पट्टा दोनदा ओढून बघितला. सुटून पडू नये म्हणून गिटारचा ओढतात तसा. पिशवीत अर्धा किलो भेंडी होती.

मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "कुठल्या बँडमध्ये वाजवता?"

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि नाणं खाली पडलं. टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बाईनं मध्येच थांबून त्यालाच नावानं हाक मारावी, तसा त्याचा चेहरा झाला.

"मी... नाही वाजवत."

"चांगले गिटारवाले असंच म्हणतात."

"खरंच नाही हो."

"फार चांगले तर हेच दोनदा म्हणतात."

मी घायकुतीला आले होते, त्याला कारण होतं. आमच्या 'टॉर्क' बँडमधला दुसरा गिटारवाला निरंजन नोकरी लागून जर्मनीला गेला होता आणि शनिवारी चाकणच्या एका कंपनीच्या फॅमिली डेला आमचा कार्यक्रम होता. ड्रमवाला रविराज म्हणत होता, त्याच्या मावसभावाला, आयुषला, कीबोर्डवर घेऊ. आयुषच्या कीबोर्डमध्ये मोराचा आवाज आहे. मागच्या वेळी आमची गायिका तनुजा विरहाचं गाणं गात असताना मोर ओरडला, लोकांनी वन्स मोअर दिला, आणि तेव्हापासून रविराजच्या डोक्यात बँड मोडून ऑर्केस्ट्रा काढायचं घोळत होतं. ऑर्केस्ट्रात माझ्या गिटारला जागा नव्हती. म्हणजे मग मी, वर्षाली, उरलेलं आयुष्य बाबांच्या वर्कशॉपमध्ये कोटेशनं टाइप करायला मोकळी.

"गुरुवारी दुपारी मोकळे आहात?"

"गुरुवारी ओव्हरटाइम असतो..." माझा चेहरा पडला असावा. तो घाईघाईनं म्हणाला, "या गुरुवारी नाही करणार. माझं नाव प्रीतम."

भोसरीत आमच्या गाळ्याला सुट्टी गुरुवारी. बाबांची लेथ मशिनं झाकून ठेवायची आणि त्यांच्या मधल्या जागेत आमची तालीम. प्रीतम इस्त्रीचा शर्ट घालून आला. हातात शेवग्याच्या शेंगा.

"रिकाम्या हातानं कसं यायचं?"

मी निरंजनची जुनी गिटार त्याच्या हातात दिली. त्यानं डोळा मिटून मान बघितली. पट्टा अडकवला, दोनदा ओढला. वायर पट्ट्याच्या मागून घेतली, म्हणजे पाय पडला तरी निसटू नये. वायर खोचण्याआधी करंगळीनं आवाजाचं बटण शून्यावर आणलं. तळहात मांडीला पुसला, ओठांतली पत्ती काढली, उजवी भुवई चढवली.

"हा पोचलेला आहे, राव," रविराज कुजबुजला.

प्रीतमनं बटण फिरवलं, तारांवर हात मारला, आणि कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून ढकलून दिल्यासारखा आवाज झाला. आम्ही हादरलो. तो थांबला नाही. डोळे मिटून, टाचेवर डुलत, अतिशय आर्ततेनं त्यानं ते कपाट तळमजल्यापर्यंत नेलं. मग गिटार उचलून खांद्याशी घेतली आणि बाळाची ढेकर काढतात तसं तिच्या पाठीवर थोपटलं.

रविराजनं ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या.

"हे... प्रायोगिक आहे का?" तनुजानं विचारलं.

"मी म्हणालो होतो," प्रीतम म्हणाला. "वाजवत नाही म्हणून."

"मग हे सगळं शिकलात कुठं?" मी विचारलं.

त्यानं मागच्या खिडकीकडं बोट केलं. बोळापलीकडं दुसऱ्या कंपनीची खिडकी होती. "तिथं माझं मशीन आहे. पॉवर प्रेस, पत्रा ठोकायचं. मी गावाकडून, परळीहून आलो तेव्हापासून त्याच्यावरच आहे. माल संपला की दुसरी ट्रॉली येईपर्यंत नुसतं उभं राहायचं. एका बाजूला भिंत, एका बाजूला सुपरवायझर. समोर... तुम्ही. वर्ष झालं."

"म्हणजे ही माझी नक्कल होती?"

"नक्कल नाही हो. कधी लागलं मलाच कळलं नाही. मंडईत तुम्ही विचारलं तेव्हा कळलं. काल जेवण झाल्यावर डब्याला थोपटलं. रूममेट म्हणला, डब्याला काय झालंय?"

"पण मी कुठं थोपटते?"

"दर वेळी," रविराज आणि तनुजा एकदम म्हणाले.

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"आम्हाला वाटलं तुला माहितीय," रविराज म्हणाला. "घरचं काहीतरी असेल."

मी खाली बसले. गिटारच्या ज्या पाठीवर मी इतकी वर्षं थोपटत होते, तिची मला खबर नव्हती. ती प्रेसवरच्या एका परळीकराला होती.

"निदान गाणी तरी बरी वाटली का?" मी क्षीण आवाजात विचारलं.

"ऐकली नाहीत. कानात इअरप्लग असतात. काढले तर प्रेस ऐकू येते. तुमचा एकसुद्धा सूर नाही ऐकला."

"मग वर्षभर काय बघत होतात?"

त्यानं लेथवरच्या कापडाची सुरकुती नीट केली. "आता ते... तुम्हालाच की."

तनुजानं रविराजला दंडाला धरलं आणि चहाला नेलं. रविराज चहा पीत नाही.

"तुम्हाला बरं वाटलं नसेल तर उद्याच खिडकीला पुठ्ठा लावतो," प्रीतम खाली बघत म्हणाला. "मला वाटलं होतं, सांगायची वेळच येणार नाही."

"राहू द्या," मी म्हणाले. "आम्हाला उजेड लागतो."

शनिवारी चाकणला आयुष कीबोर्ड घेऊन हजर होता. रविराजनं अट घातली होती: पहिलं गाणं मी एकटीनं निभावलं, तर बँड. नाहीतर मोर.

मी स्टेजवर उभी राहिले. पट्टा अडकवला, ओढला... आणि ओढताना स्वतःला बघितलं. हात थांबला. करंगळी बटणाकडे निघाली होती, तीही थांबली. आता भुवई? आधी भुवई का आधी तळहात? वाजवताना मी उभी कशी राहते? माझा हात शेजारच्या कुणाचा तरी असल्यासारखा लोंबत होता. रविराजनं काठ्यांवर चार मोजले. मी नुसतीच उभी. त्यानं पुन्हा मोजले. समोर कामगारांची पोरं कुरकुरे खायची थांबली. आयुषचं बोट हळूहळू मोराकडे सरकलं...

दुसऱ्या रांगेत कुणीतरी उठलं. कंपनीचा युनिफॉर्म, खांद्याला पिशवी. प्रीतम. पहिली शिफ्ट करून थेट आला होता.

त्यानं मिटलेली छत्री गालाशी धरली. एक डोळा मिटून टोकापर्यंत बघितलं. पिशवीचा पट्टा दोनदा ओढला. शेजारच्या बाईंनी खुर्ची लांब घेतली. त्यानं तळहात पँटला पुसला, करंगळीनं छत्रीचं बटण चाचपलं, भुवई चढवली आणि माझ्याकडे बघत थांबला. एवढ्या लोकांत, लाजून लाल होऊन...

मला हसू फुटलं. आणि हसता हसता हात केव्हा तारांवर पडला, कळलं नाही.

गाणं संपलं तेव्हा गिटार माझ्या खांद्यावर होती आणि दुसऱ्या रांगेत एक माणूस छत्रीची ढेकर काढत होता. आयुषनं मुकाट्यानं मोर पिशवीत भरला.

कार्यक्रमानंतर प्रीतम पार्किंगमध्ये भेटला. चेहरा पांढराफटक.

"कसं झालं?"

"एवढा आवाज असतो?"

"इलेक्ट्रिक गिटार आहे."

"मला वाटलेलं, सतारीसारखं काहीतरी शांत असेल. तुमचा चेहरा तसा असतो."

"म्हणजे आवडलं नाही?"

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. "प्रेसपेक्षा बरं आहे."

मला एवढी खरी दाद आयुष्यात कुणी दिलेली नाही.

"सवय व्हायला अजून ऐकावं लागंल," तो चाचरत म्हणाला. "लई वेळा. तुमची हरकत नसेल तर."

"हरकत एकच. हे 'तुम्ही' सोड आता."

तो एवढा दचकला की हातातली गाडीची किल्ली पडली.

गिटार तनुजाबरोबर टेंपोतून गेली, मी त्याच्या गाडीवर. निघण्याआधी त्यानं माझ्या हेल्मेटचा पट्टा लावला आणि दोनदा ओढून बघितला.

भोसरीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं आणि मी गार पडले. मघापासून, कुणास ठाऊक कधीपासून, मी त्याच्या पाठीवर थोपटत होते.

"गाणं संपलं का?" त्यानं मान न वळवता विचारलं.

"नाही," मी म्हणाले, आणि हात तसाच चालू ठेवला.