वरचा फॉर्म त्याचा, खालचा माझा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. भरदुपारी घडलं हे, आमच्याच कामाच्या खोलीत.

मी आणि माझा नवरा घरूनच वेबसाइट बनवायचो. शेवटचं काम होतं जनावरांच्या दवाखान्याचं. एकाच पानावर दोन फॉर्म. वरचा भेटीची वेळ घेण्याचा, तो त्याचा. खालचा डॉक्टरांना निरोप ठेवण्याचा, तो माझा.

वरचा पुरा झाला आणि तो गेला. झोपेतच.

खालचा मी रडतखडत पुरा केला.

फॉर्म चालतो का ते तपासताना तो रकान्यात कधी 'अबक' लिहायचा नाही. लिहायचा, "म्हातारे, चहा टाकू का?" मी माझ्या स्क्रीनवर वाचून "टाक" लिहायचे. खुर्च्या पाठीला पाठ लावून, तरी तोंडाने बोलायचा आळस.

त्या दुपारी मी खालच्या रकान्यात लिहिलं, "कुठे आहेस रे?" बटण दाबलं.

पान पुन्हा उघडलं... वरच्या रकान्यातही तेच.

क्षणभर वाटलं, त्यानेच लिहिलं. मग कळलं, चूक माझीच. कोडमध्ये माझ्या रकान्याला मी त्याच्याच रकान्याचं नाव दिलं होतं, म्हणून एकातलं दुसऱ्यात जात होतं. तो नेहमी म्हणायचा, "दोन पोरांचं नाव एकच ठेवलंस, तर हाक मारल्यावर दोघंही येणार."

नावं वेगळी केली. पुन्हा दाबलं.

वरचा रकाना कोरा. काम बरोबर झालं होतं, आणि मला हुंदका फुटला.

डोळे पुसून पाहते तर...

"म्हातारे, चहा टाकू का?"

वरच्या रकान्यात.

मागे त्याची खुर्ची करकरली... मी वळले नाही. रिकामी दिसली असती तर?

खाली "टाक" लिहिलं, दाबलं. तोंडानेही म्हटलं, "टाक ना रे."

स्वयंपाकघरात कप वाजले...

मी धावले. कोणी नव्हतं. ओट्यावर दोन कप काढून ठेवलेले. तो गेल्यापासून मी एकच काढते.

गॅस बंद होता. पातेलं कोरडं.

तेव्हा लक्षात आलं. नावं वेगळी केल्यावर माझं "टाक" माझ्याच रकान्यात राहिलं होतं. त्याच्यापर्यंत गेलंच नव्हतं, म्हणून चहा टाकायचा राहिला.

दवाखान्याला पान नीट करून दिलं. आमच्या मशीनवर मात्र ती चूक मी मुद्दाम पुन्हा केली. रोज दुपारी खाली "टाक" लिहिते, ते वर उमटतं. मग कान देऊन बसते.

अजून काही आवाज आलेला नाही. कप ओट्यावर तसेच आहेत. मी ते उचलत नाही. उशिरा का होईना, लागतील.