बुधाचं कार्ड

नाशिकजवळच्या एका कंपनीत बिनचालकाचे ट्रक तयार होत, आणि त्या ट्रकांच्या यंत्रणेत कुणी चोरवाटेनं शिरू नये ही जबाबदारी योगिनीची होती. बाई भलती शिस्तीची. नोकरी सोडणाऱ्याचा निरोपाचा चहा निवायच्या आत ती त्याचं नाव यंत्रणेतून उडवायची. म्हणून कचेरीत तिला पाठीमागं सगळे चित्रगुप्त म्हणत.

एकदाच ती मऊ पडली, आणि नको तिथं पडली.

ट्रक आपला आपण चालत असला तरी अडीअडचणीला केबिनमध्ये एक माणूस बसवत. त्यानं आपलं कार्ड लावलं की ट्रक त्याचं ऐकायचा. अशा माणसांपैकी बुधा आजारपणात गेला. तिसऱ्या दिवशी ती बातमी घेऊन त्याचा भाऊ नाथा तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला.

"ताई, दहावा होईस्तोवर त्याचं नाव ऱ्हाऊ द्या. कावळा शिवल्याबिगर माणूस गेला म्हणायचं नाय."

बुधाचं कार्ड तर सदऱ्याच्या खिशात राहून चितेवरच गेलेलं. राखेतलं कार्ड आता कोण लावणार? योगिनी हो म्हणाली.

दहाव्याला सकाळी सगळे रामकुंडावर गेले. केबिनच्या माणसांपैकी कामावर एकटा जीवन होता. लासलगावहून कांदा भरून तो सात नंबरच्या ट्रकमधून निघाला होता. रिकाम्या कचेरीत पंखा तेवढा घरघरत होता, आणि योगिनी नेहमीसारखी पडद्यावर ट्रकांची यादी तपासत होती.

पावणेअकराला जीवनच्या नावाखाली दुसरं नाव उमटलं. बुधा. ट्रक सात. कार्ड केबिनमध्ये लावलेलं.

तिला आधी संताप आला. कुणा हरामखोरानं मेलेल्या माणसाच्या कार्डाची नक्कल केली होती, आणि तिच्याच भिडेमुळं! तिनं कार्ड बंद केलं. दोन श्वासांत नाव परत आलं. पुन्हा बंद केलं, पुन्हा आलं. तिसऱ्यांदाही तेच.

टेबलावरच्या फोनवरून तिनं जीवनला गाठलं.

"मॅडम..." तो कुजबुजला. "गाडी ऐकत नाय. ब्रेक दाबला तरी पळतेच हाय. चांदोरी मागं गेली."

"केबिनमध्ये कोण आहे?"



"दिसत नाय कुणी. पन जळक्या प्लॅस्टिकचा वास येतोय... आन् शेजारची सीट दबलेली हाय."

तिनं इथून थांबायचा हुकूम सोडला, तोही ट्रकनं मानला नाही. तो ऐंशीच्या वेगावर होता. नांदूर नाक्यापासून शहराची गर्दी लागते. जीवनला दोन लहान मुली होत्या. तिनं पोलिसांना कळवलं, पण कांद्यानं भरलेल्या ट्रकापुढं आडवं कोण उभं राहणार?

एवढ्यात मोबाइल वाजला. तिचा मदतनीस हर्षल रामकुंडावरून बोलत होता.

"मॅडम, तास झाला, कावळा शिवत नाहीये. मुलांना शिकवू म्हटलं, घर पुरं करू म्हटलं, सगळी वचनं देऊन झाली. नाथाभाऊ विचारतायत, बुधाचं तुमच्यापाशी काही अडलंय का?"

एरवी ती हसली असती. आता ती पडद्यावरच्या त्या नावाकडं बघत होती.

"फोन पिंडापाशी धर," ती म्हणाली. मग आवाज सावरत बोलली, "बुधा, तुझं नाव मी काढणार नाही. कधीच नाही. जीवनला सोड."

पलीकडं पंखांची फडफड झाली. कुणाचा तरी हुंदका ऐकू आला.

"शिवला! मॅडम, शिवला!"

पडद्यावर वेग उतरू लागला. साठ. तीस. शून्य. माडसांगवीच्या अलीकडं ट्रक रस्त्याच्या कडेला शिस्तीत उभा राहिला. योगिनीनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती लहान मुलीसारखी रडली.

डोळे पुसून तिनं वर पाहिलं. सात नंबरवर आता एकच नाव होतं. बुधा. जीवनचं नाव निघालं होतं, आणि ते तिनं काढलेलं नव्हतं.

टेबलावरचा फोन अजून चालू होता.

"जीवन?... ठीक आहेस ना?"

उत्तर आलं. आवाज जीवनचाच, पण अगदी निवांत.

"जीवन उतरला, ताई. मगाशीच."

तिनं दाराची नोंद उघडली. लासलगाव सोडल्यापासून केबिनचं दार एकदाही उघडलेलं नव्हतं.