कोरी हाडं

बॅटरीवस्तीतल्या माणसाला स्वतःच्या घरी परत जायचं असेल, तर घरातल्या कुणाला तरी आधी मरावं लागे. नियमच तसा होता; लिहिणाऱ्यांनी तो फार हळुवार शब्दांत लिहिला होता.

जुन्या बॅटऱ्या फोडफोडून तिथल्या मातीत शिसं मुरलं होतं, म्हणून वस्ती रिकामी करून लोकांना छावणीत हलवलं होतं. ते काढणं अशक्य, पण जागच्या जागी बांधून टाकता येई. अ‍ॅपेटाइट नावाचं खनिज शिसं आपल्या स्फटिकात असं अडकवतं, की ते ना पाण्यात उतरत ना भाजीत. आपली हाडं त्याच खनिजाची. खाणीतलं अ‍ॅपेटाइट खतांत संपलं होतं. जनावरांच्या हाडांवरून मोर्चे निघाले. शेवटी एका समितीने शोधून काढलं, की ज्याला गिऱ्हाईक नाही असं हाड फक्त माणसाचं. मग चितेतल्या अस्थी अंगणात पेरायच्या, त्यांवर एक जिवाणू सोडायचा, आणि तो महिनाभरात त्याच खनिजाचा थर अंगणभर वाढवी. याला अस्थिबीज म्हणत. अस्थी घरच्याच माणसाच्या लागत. परक्याच्या चालत नसत, कारण लोकांच्या भावना.

मोनालीबाई घोलप अकरा वर्षं पत्र्याच्या छावणीत राहत होत्या. नवरा स्वप्नील गेल्या आठवड्यात वारला. जाताना जवळजवळ खुशीत होता: पोरीचं बाळंतपण आता घरात होईल. पोरगी ईश्वरी सात महिन्यांची गरोदर. दोघी मडकं घेऊन तपासणी केंद्रात आल्या.

डॉ. केतकी उपासनींनी शिसं मोजणारं बंदुकीसारखं यंत्र अस्थींवर तीनदा धरलं.

"मावशी, हे बीज घेता येणार नाही."

मोनालीबाईंनी सांगितलं, की अस्थी नीट वेचल्यात, दुधाने धुतल्यात, तुळशीचं पानसुद्धा राहू दिलेलं नाही. डॉक्टरांनी समजावलं, की दोष धुण्यात नाही. शिसं कॅल्शियमच्या वेषात येतं आणि हाड त्याला आत घेतं. काकांनी बत्तीस वर्षं बॅटऱ्या फोडल्या. अस्थींनी मातीत जे करायचं, ते त्यांनी जिवंतपणीच करून ठेवलं. शिशाने भरलेल्या बीजावर नवा थर धरत नाही.

"म्हणजे काम जास्त केलं म्हणून नापास," मोनालीबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मडक्यावर फडकं परत बांधलं.

"मग माझी चालतील ना? मी कधी कारखान्यात पाय ठेवला नाही. यांचे कपडे तेवढे धुवायची." रेशनच्या रांगेत आपला नंबर पुढे करावा, तशा त्या बोलल्या. ईश्वरीने त्यांना दटावलं, तर म्हणाल्या, नुसतं विचारायला काय जातंय.

डॉक्टरांनी यंत्र त्यांच्या नडगीला लावलं. आकडा वाचून दाखवला नाही. मग ईश्वरीच्या नडगीला लावलं. लहानपणी बाप दारात दिसला की ती धावत जाऊन त्याच्या कामाच्या शर्टाला बिलगायची, हे तिने आपणहून सांगितलं.

"मॅडम," मोनालीबाईंनी विचारलं, "आमच्या घरात कोरी हाडं आहेत तरी कुणाची?"

डॉक्टरांची नजर ईश्वरीच्या पोटाकडे गेली आणि लगेच परत आली. पण ती दोघींनी पाहिली होती.

"त्याचीही खात्री देता येत नाही," त्या म्हणाल्या. "मातीतलं खनिज शिसं एकदा धरलं की सोडत नाही. जिवंत हाड सोडतं. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाची हाडं भरतात, आणि त्यासाठी आईची थोडी विरघळतात. त्यांत जे काही असेल, ते बाळाकडे जातं."

ईश्वरीने पोटावर ठेवलेला हात हळूच काढून घेतला.