आसवाने राखलेला दरवाजा

वैशाखातल्या त्या पहाटे सोनकड्याच्या किल्ल्याआडून सूर्य वर आला, तेव्हा घाटाच्या तोंडाशी पसरलेल्या द्राक्षबागांवर धूर तरंगत होता. तीन वस्त्या दोन रात्रींपूर्वी जळून गेल्या होत्या. त्यांतली माणसे, गुरे आणि हाताला लागेल ती चीजवस्त पांगरवाडीच्या गढीत कोंडली गेली होती, आणि गढीसमोरच्या माळावर सरदार आपाजीराव सुरगे यांच्या दोन हजार स्वारांचे तंबू पडले होते.

पातशहा निपुत्रिक वारला होता. तख्ताला दोन दावेदार उभे राहिले होते, आणि ज्याच्या हाती घाट त्याच्या हाती मुलूख, असा तो काळ होता. आपाजीरावांनी जुने निशाण टाकून नवे धरले होते. त्यांना घाट हवा होता, आणि घाटाच्या वाटेवर ही एवढीशी गढी आडवी होती. किल्लेदाराचा हुकूम आला होता, ‘पाच दिवस गढी राखा. कुमक येते.’

तीन वस्त्या म्हणजे तीन दुनिया होत्या. पांगरवाडी माळ्यांची. जमीन त्यांची, आणि ज्यांच्या अंगाखांद्यावर वेली चढवायच्या ती पांगाऱ्याची झाडेही त्यांनीच लावलेली. नहरेपलीकडे बागवानपुरा, तिथल्या माणसांचे पूर्वज दर्यापारहून द्राक्षाच्या काड्या घेऊन आले होते आणि छाटणीची कात्री त्यांच्याच हातात शोभे. उताराला कलालवस्ती. तिथे द्राक्षे तुडवून रस रांजणांत भरला जाई आणि त्याचे आसव होऊन किल्ल्यावर जाई. एकावाचून दुसऱ्याचे भागत नव्हते, तरी नहरेच्या पाळीवरून तिघांनीही एकमेकांची डोकी फोडली होती, आणि कलालाच्या हातचे पाणी माळी घेत नसत.

गढीचे धनी सुभानजी पाटील पंचावन्न वर्षांचे, शब्दाला जड आणि मानाला हळवे होते. वेढ्याच्या पहिल्या दिवशी लखमाई कलालीण साठ पखाली आसव बैलांवर लादून दरवाजात आली, तेव्हा त्यांनी हात आडवा केला होता.

“लखमाई, इथं दाण्याला जागा नाही, आणि तू दारू आणतेस?”

“पाटील, तुमची द्राक्षं, दाऊदभाईची छाटणी आणि माझे रांजण,” ती पन्नाशीची विधवा म्हणाली होती. “तिन्ही वस्त्यांचं अख्खं वर्ष आहे हे. बाहेर टाकून गनिमाला पाजू का?”

पाटलांनी हात खाली घेतला होता. पखाली तबेल्याच्या भिंतीशी रचल्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आपाजीरावांच्या माणसांनी वरच्या अंगाला नहर फोडली. गढीची विहीर त्याच नहरेवर भरत असे. सातशे माणसांनी ती संध्याकाळपर्यंत तळाला नेली, आणि आता, तिसऱ्या दिवशीच्या या पहाटे, पोहरा चिखल घेऊन वर येत होता. बायका ओले फडके लेकरांच्या ओठांवर फिरवत होत्या. काही जण लखमाईच्या पखालींभोवती घोटाळू लागले, तेव्हा ती त्यांच्यासमोर पाय रोवून बसली.

“घशाला बरं वाटेल, आणि घटकाभरानं दुप्पट तहान लागेल,” ती म्हणत होती. “माझ्या जातीचा धंदा आहे, मला ठाऊक आहे. पिऊ नका रे बाबांनो.”

सकाळी पांढरे निशाण घेऊन सरदारांचे वकील नारोपंत गढीत आले. शेला नीटनेटका, बोलणे मधाळ. पाटलांना मुजरा करून ते सर्वांसमक्ष म्हणाले, “सरदारांची इच्छा रक्तपाताची नाही. आपण सुज्ञ आहात. विचार करावा, एवढेच मागणे.”

पण जाण्यापूर्वी त्यांनी गढीत एक फेरी मारली. जखमींची विचारपूस केली, म्हाताऱ्या दाऊद बागवानापाशी क्षणभर थांबले, पखालींपाशीही थांबले. आणि ते दरवाजाबाहेर पडले, तेव्हा लखमाईच्या पदरात एक लाखबंद खलिता होता.

तिला वाचता येत नव्हते. ती तडक चौकात आली आणि कुळकर्ण्यांना हाक मारली.

“कुळकर्णीबाबा, एवढं वाचा. मोठ्यानं वाचा.”

कुळकर्ण्यांनी लाख फोडली. त्यांनी तो मोठ्याने वाचला. मजकूर असा होता: कलालवस्तीने तिसऱ्या प्रहरी शिंग वाजताच दरवाजाची दिंडी आतून उघडावी, कलालांच्या केसालाही धक्का लागणार नाही, नहरेचे सारे पाणी यापुढे कलालांचे, आणि माळी व बागवान त्यांचे चाकर.

मग माळ्यांमधून एकाच वेळी आरडाओरडा उठला, आणि कोणीतरी दगड उचलला.

“थांबा!” दाऊद बागवान पुढे झाला. सत्तरीच्या त्या म्हाताऱ्याने अंगरख्यात हात घातला आणि तसलाच खलिता काढून कुळकर्ण्यांच्या पुढ्यात टाकला. “मलाही दिलाय. मघापासून छातीशी धरून बसलोय, खोटं कशाला बोलू? नातवाच्या ओठांकडं बघितलं, आणि फाडायची हिंमत झाली नाही. वाचा.”

तोच मजकूर. फक्त कलालांच्या जागी बागवान होते.

लखमाईने हळूच मान वळवली आणि सुभानजी पाटलांकडे पाहिले. तिच्यामागून एकेक करून साऱ्या चौकाने पाटलांकडे पाहिले. ज्यांच्या आज्यापणज्यांनी ही गढी बांधली, ज्यांच्या शब्दावर सातशे माणसांनी घरे सोडली, ते पाटील दगडी पायरीवर बसल्या जागी एकाएकी म्हातारे दिसू लागले. त्यांनी डोईचे पागोटे उतरवले, त्याच्या घडीतून तिसरा खलिता काढला आणि पायरीवर ठेवला.

“माझा वाचायची गरज नाही,” ते म्हणाले. “नारोपंतांबरोबरच मी होकार कळवला आहे.”

एक बाई ओक्साबोक्शी रडू लागली.

“पाण्यावाचून माणसं मरताना मला बघवेना. वाटलं, निदान माळी तरी वाचतील. तुम्हाला मी विकलं होतं, दाऊद. लखमाई, तुलाही. आता मला काय करायचं ते करा.”

दाऊद रागाने म्हणाला, “तिघांना एकच नहर देणारा माणूस कोणालाच काही देणार नाही, पाटीलसाब. तुम्हाला मारून माझ्या नातवाला पाणी मिळणार आहे का? दिंडीला आडणा लावा. आणखी एक लावा.”

लखमाई एवढेच म्हणाली, “डोईला काही बांधा, पाटील. ऊन फार आहे.”

तिसऱ्या प्रहरी शिंग वाजले. दिंडी उघडली नाही. शिंग पुन्हा वाजले, मग थांबले. आणि जो सरदार सकाळपर्यंत मधाळ निरोप पाठवत होता, त्याच्या संतापाला सुमार उरला नाही. खरड छाटणी नुकतीच झाली होती आणि तिन्ही वस्त्यांच्या बांधांवर द्राक्षाच्या वाळलेल्या काड्यांचे ढीग पडले होते. ते स्वारांनी ओढून आणले आणि बंदुकांच्या आडोशाने गढीच्या दरवाजाशी रचले. वर तेल ओतले. क्षणात ज्वाळा कमानीला भिडल्या, सागवानी फळ्या तडतडू लागल्या आणि आतल्या बाजूने धूर झिरपू लागला. बाहेर तलवारी उपसून स्वार दरवाजा कोसळण्याची वाट पाहत होते.

“पाणी!” सुभानजी ओरडले, आणि ओरडताक्षणीच त्यांना आठवले की पाणी नाही.

लखमाईने पखालीला हात घातला होता.

“वेडी झालीस?” पाटलांचा धाकटा भाऊ बाजीबा तिच्या अंगावर धावला. “दारू आहे ती! भडका उडेल, सगळे जळून मरू!”

“भट्टीची असती तर उडाला असता,” ती म्हणाली. “ही रांजणातली. हिला आग लागत नाही.”

“खात्री काय?”

तिने पखालीचे तोंड सोडले, ओंजळभर आसव घेतले आणि दिंडीच्या फटीतून आत आलेल्या ज्वाळेच्या जिभेवर फेकले. चर्रर्र आवाज झाला. जीभ विझली.

दरवाजाच्या माथ्यावरच्या सज्जात, शत्रूवर उकळते तेल ओतण्यासाठी ठेवलेले एक रुंद भोक होते. पण तिथवर जायला बारा हात उघड्या भिंतीवरून वाकून जावे लागे, आणि समोर शंभर बंदुका रोखलेल्या होत्या. लखमाई पहिली पखाल घेऊन वर गेली. तिच्यामागे दाऊद गेला. खाली तबेल्यापासून जिन्यापर्यंत रांग लागली. माळ्याच्या खांद्यावरून बागवानाच्या खांद्यावर, तिथून कलालाच्या हातात, अशा पखाली वर चढू लागल्या. पाटलांनी स्वतः पखाल उचलली. तिचे आसव त्यांच्या मानेवरून छातीवर ओघळत होते आणि त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

भोकातून ज्वाळा वर येत होती. लखमाईचे हात कोपरापर्यंत भाजले, तरी तिने तोंड फिरवले नाही. नवव्या पखालीला दाऊदच्या गळ्यात गोळी लागली. तो तिच्या अंगावरच कोसळला. त्याची जागा बाजीबाने घेतली, आणि बाजीबाची, थोड्याच वेळात, एका कलालाने. जो पडे त्याला बाजूला ओढून मागचा पुढे होई. वाफ, धूर आणि आंबट गोड वास यांनी गढी कोंडून गेली. साऱ्या वर्षाचे आसव दरवाजावरून खाली वाहत माळाच्या धुळीत लाल ओहोळ होऊन चालले.

साठावी पखाल रिकामी झाली, तेव्हा दरवाजा कोळशासारखा काळा झाला होता. पण उभा होता.

चौथ्या दिवशी आपाजीरावांनी हल्ला केला नाही. त्यांनी त्याहून वाईट केले. गढीवरून माणसे बघत असताना त्यांच्या स्वारांनी कुऱ्हाडी घेऊन एकूण एक पांगारा तोडला, एकूण एक वेल मुळापाशी छाटली. मग कुमक येईल या धाकाने दुसऱ्या घाटाने जाण्याचा हुकूम झाला आणि तंबू उठले. नहरेचे खिंडार बुजवून पाणी विहिरीत येईपर्यंत चार लेकरे दगावली. कुमक आली सहाव्या दिवशी. मागाहून कळले, की किल्लेदार पाचही दिवस तटावरून बघत होता; कोण जिंकतो याचा अंदाज घेत होता.

महिनाभराने किल्लेदाराचा कारकून घडल्या प्रकाराचा महजर लिहायला आला. जळक्या वस्त्यांत परत कोणी गेले नव्हते. गढीच्या भिंतीला टेकवून जिथे जागा मिळेल तिथे छपरे उभी राहिली होती, बागवानाच्या शेजारी माळी, माळ्याच्या शेजारी कलाल. पाटलांची सून लखमाईला भाकरी भरवत होती, कारण तिचे हात अजून चिंध्यांत गुंडाळलेले होते.

पाटलांनी सर्व हकिकत सांगितली. शेवटी म्हणाले, “मी होकार दिला होता, तेही लिहा.”

कारकुनाने लेखणी थांबवली. “पाटील, वतन जाईल.”

“जाऊ दे. लिहा.”

त्याने लिहिले. मग दरवाजावर कामी आलेल्यांची यादी करायला घेतली. “अकरा ना? कोणत्या वस्तीचे किती, ते वेगवेगळे सांगा.”

“वेगवेगळे नाहीत. एकाच गावचे आहेत.”

“गावाचं नाव?”

पाटलांनी भोवतालच्या माणसांकडे पाहिले.

“नाव अजून ठेवलं नाही,” लखमाई म्हणाली. “जागा कोरी सोडा. आधी माणसं लिहून घ्या.”

कारकुनाने कागदाच्या माथ्यावर चार बोटे जागा सोडली आणि मान वर केली. सज्जात अखेरपर्यंत ती एकटीच उरली होती. कोण कोणाच्या मागे पडले, ते तिच्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हते.

“पहिले दाऊदभाई,” ती म्हणाली. “त्यांच्यामागं बाजीबा. मग माझा भाचा, भिका...”

ती सावकाश सांगत गेली, आणि कारकून लिहीत गेला.