घमेल्यातलं आकाश

“साहेब म्हणाले, आज शेवटचा दिवस!” अय्युब धापा टाकत सांगू लागला. “आजही मोजणी बिघडली तर उद्या सगळे पारोळ्याला जाणार. आमची टेकडी राहिली ती राहिलीच.”

कुंदा आणि कौतिकच्या हातातल्या कैऱ्या हातातच राहिल्या. अमळनेरजवळच्या त्यांच्या गावात नळ येणार होता. पण टेकडीवरच्या वस्तीची नेमकी उंची कळल्याशिवाय तिथे पाणी चढेल का, ते ठरणार नव्हतं. अय्युबची दादी हसीनाबी तिथेच राहायची. भर उन्हात हंडा घेऊन चढायची.

“यंत्रं तर कोरी करकरीत,” कौतिक म्हणाला. “मग रोज दुपारी बिघडतं काय?”

मोजणीच्या शालिग्राम साहेबांनी मुलांना सगळं समजावलं होतं. आकाशातले उपग्रह सारखी वेळ सांगत असतात. ती हाक पोचायला किती वेळ लागला, यावरून यंत्र अंतर काढतं. पण वाटेतल्या हवेमुळे त्यात चूक शिरते. म्हणून यंत्रं दोन. एक शाळेच्या अंगणात, ज्याची जागा आधीच पक्की ठाऊक आहे अशा दगडावर. दुसरं टेकडीवर.

“आपल्या शाळेच्या घड्याळासारखंच की!” कुंदा तेव्हा म्हणाली होती. “ते पुढे धावतं, पण किती पुढे, ते रोज ठरल्या वेळी येणाऱ्या आगगाडीच्या भोंग्यावरून कळतं. तेवढं वजा करायचं.”

“शाब्बास,” साहेब म्हणाले होते. “शाळेतलं यंत्र चूक किती ते सांगतं, टेकडीवरच्या मापातून ती वजा करायची. फक्त दोघांनी एकाच वेळी तेच उपग्रह ऐकायला हवेत.”

आता कुंदाला एकदम आठवलं. “काल संध्याकाळी शाळेतल्या यंत्राच्या तिपाईखाली बुलबुल पाणी पीत होता. वैशाखात तिथे पाणी कुठून आलं?”

“साहेब तर जेवून पंख्याखाली झोपतात,” अय्युब म्हणाला. “तिथे फक्त राखणीचे झुलालनाना असतात.”

“आणि बुलबुल,” कौतिक म्हणाला.

तिघे अंगणातल्या निंबाआड दबून बसले. ऊन मध्यावर आलं तसे नाना बादली घेऊन आले. त्यांनी ओलं गोणपाट यंत्राच्या डोक्यावर पांघरलं, वाऱ्याने उडू नये म्हणून वर लोखंडी घमेलं उपडं घातलं, आणि तिपाईवरून मायेने हात फिरवला.

“तपू नको रे भाऊ. साहेब पंखाखाल झोपना, अन् तू एकलाच उन्हामा उभा शे.”

कौतिक फसकन हसला. अय्युबला मात्र हसू आलं नाही. त्याची दादीही माठाला असंच ओलं फडकं गुंडाळायची.

कुंदा हळूच पुढे झाली. “नाना, ही टोपी काढा ना जरा. एक गंमत दाखवते.”

तिपाईखालच्या डब्यावर ऐकू येणाऱ्या उपग्रहांचा आकडा दिसत होता. दोन. नानांनी घमेलं आणि गोणपाट उचललं. आकडा चढत चढत सातावर गेला.

“हे आभाळाला कान लावून उभं असतं, नाना. तुम्ही त्याचे कान झाकले.”

नानांनी हातातलं घमेलं खाली ठेवलं. “माले कोणी सांगंच नही. टेकडीनं पाणी मीच आडावं का रे?”

“अजून दिवस आहे, नाना,” अय्युब म्हणाला आणि साहेबांना उठवायला पळाला. टेकडीवरच्या मदतनिसाला नव्याने सुरुवात करायला सांगायचं होतं. कौतिक तिकडे सुसाट सुटला.

साहेब डोळे चोळत आले. नाना हात जोडून उभे होते. साहेबांनी ते हात खाली केले.

“चूक माझी, नाना. राखण करा म्हणालो, पण कशाची ते सांगितलंच नाही. खालच्या डब्याला खुशाल सावली करा, फक्त डोकं उघडं ठेवा.”

नानांनी आपलं उपरणं डब्यावर धरलं, ते थेट दिवस कलेपर्यंत. खाली एक यंत्र, वर एक यंत्र, दोघं एकच आभाळ ऐकत राहिली.

दिवेलागणीला साहेबांनी संगणकावरून मान वर केली. “जुळलं! पाणी वस्तीपर्यंत चढेल. पोरांनो, आम्ही आकाशात चूक शोधत होतो, तुम्ही ती अंगणात शोधली. तुमचे उपकार आहेत.”

सकाळी हसीनाबी टेकडी उतरून, खाली हंडा भरून शाळेत आली. तिने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला.

“आणि झुलालभाऊ, तुमचं ते घमेलं द्या बरं.”

नाना ओशाळले. “आते कशाले, अक्का?”

तिने घमेलं निंबाखाली सुलटं ठेवलं आणि हंड्यातलं पाणी त्यात काठोकाठ ओतलं. थेंब थेंब जपणारी दादी! अय्युब बघतच राहिला.

“खबर त्यानेच दिली ना?” ती म्हणाली.

पाणी निवळलं. त्यात अख्खं आभाळ उतरलं, आणि काठावर बुलबुल येऊन बसला.